पाळणाघराच्या फीला खाडा लावावा का?

मे महिना संपत आला की पाळणाघर चालवणाऱ्या घरात आणि तिथे मूल ठेवणाऱ्या घरात एकाच वेळी एक अवघड हिशेब सुरू होतो. बाळ पंधरा दिवस आजोळी होतं, मग महिन्याचे पैसे पूर्ण द्यायचे की अर्धे? विचारताना आईला संकोच वाटतो, सांगताना काकूंना, आणि शेवटी दोघींपैकी एक जण मनात धरून गप्प बसते. गौरी-गणपतीला गावी जाऊन आल्यावर, दिवाळीनंतर, मुलाचा आठवडाभराचा ताप उतरल्यावर पुन्हा हाच प्रश्न उभा राहतो. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत घरगुती पाळणाघर म्हणजे बहुतेक वेळा एका बाईंच्या दोन-तीन खोल्या, चार-पाच मुलं आणि मदतीला एखादी मावशी. तिथे ना छापील नियम असतात ना पावतीपुस्तक. सगळा कारभार विश्वासावर चालतो आणि हा विश्वास खरा असतो. म्हणूनच तो दरवर्षी मे महिन्यात या हिशेबावरून तणावात यावा, याचं वाईट वाटतं. माझं म्हणणं असं आहे की कुटुंबाने स्वतःच्या सोयीने घेतलेल्या सुट्टीसाठी फी कापू नये, जो खर्च खरोखर वाचला तेवढाच परत करावा; आणि याच न्यायाने काकूंनाही वर्षातून ठरावीक दिवस भरपगारी सुट्टी मिळावी, त्यापुढच्या दिवसांचे पैसे मात्र त्यांनी सोडावेत. या दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक मान्य करून दुसरी नाकारता येत नाही.

आपल्याकडे हा गोंधळ होतो, कारण हिशेबाची एक सवय आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्यातल्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडलेले असतात. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली, महिन्याअखेरीस फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे वजा. रतिबाला हा हिशेब अगदी योग्य आहे, कारण आपण न घेतलेलं लिटरभर दूध गवळी त्याच सकाळी दुसऱ्या दारात घालू शकतो. वर्तमानपत्राचंही थोडंफार तसंच. पण हीच फुली आपण पाळणाघराच्या रकान्यात मारतो, तेव्हा वस्तू आणि जागा यांची गल्लत होते. तुमचं मूल आठ दिवस आलं नाही म्हणून काकू ते आठ दिवस दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाहीत. आठ दिवसांसाठी कोणतं मूल येणार? आलं, तरी नवीन माणसाशी आणि नवीन जागेशी रुळायलाच त्याला तेवढे दिवस लागतात. आपण गावी गेलो म्हणून घरमालकाला मे महिन्याचं अर्धं भाडं देत नाही. मुलाच्या शाळेची फीही दिवाळीच्या सुट्टीत थांबत नाही. पाळणाघराची फी या जातीची आहे. महिन्याचे सगळे कामाचे दिवस, सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सातपर्यंत, एका मुलासाठी एक जागा, एक मांडी आणि एका माणसाचं लक्ष राखून ठेवलेलं असतं, आणि आपण पैसे मोजतो ते त्याचे.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून एक नमुन्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या गावातले दर त्या जागी घालून पाहा. पाच मुलं, प्रत्येकी सहा हजार रुपये, म्हणजे महिन्याची जमा तीस हजार. त्यातून मदतनीस मावशींचे आठ हजार. मुलांचं जेवण, दूध, फळं मिळून दर मुलामागे एक हजार याप्रमाणे पाच हजार. वीज, गॅस, फिनेल-साबण, चादरी, खेळणी यांचे साडेतीन हजार. साडेसोळा हजार गेले, हाती उरले साडेतेरा हजार. महिन्याचे पंचवीस दिवस आणि दिवसाचे साडेदहा तास धरले, तर तासाला पन्नास रुपयांच्या आसपास पडतात, आणि त्यात घराच्या जागेचं भाडं धरलेलंच नाही. आता खाड्याची पद्धत लावू. दिवसाचे २४० रुपये. प्रत्येक कुटुंबाने वर्षात मेचे दहा, दिवाळीचे सहा, गणपतीचे चार आणि आजारपणाचे चार मिळून चोवीस खाडे धरले, तर पाच मुलांचे मिळून २८,८०० रुपये कापले जातात. त्यातले जेवणाचे वाचले ४,८०० रुपये. म्हणजे काकूंच्या खिशातून गेले २४,००० रुपये, त्यांच्या वर्षभराच्या १,६२,००० रुपयांच्या कमाईचा जवळजवळ सातवा हिस्सा. मावशींचा पगार एका मुलाच्या नसण्याने कमी होत नाही. पंखा तीन मुलांसाठी लागतो तसाच पाच मुलांसाठीही लागतो. फरशी तेवढीच पुसावी लागते.

त्यातही खरा फटका सरासरीत दिसत नाही, कारण सुट्ट्या वर्षभर विखुरलेल्या नसतात. सगळी कुटुंबं एकाच वेळी जातात. मे महिन्यात पाचपैकी तीन मुलं प्रत्येकी पंधरा कामाचे दिवस गावी गेली, तर खाड्यापोटी १०,८०० रुपये कापले जातील. जेवणाचे १,८०० वाचतील. आणि साडेतेरा हजारांऐवजी हाती साडेचार हजार उरतील. बरं, उरलेली दोन मुलं येतच असतात, म्हणून पाळणाघर बंद ठेवून काकू स्वतःही कुठे जाऊ शकत नाहीत. तीन मुलं नाहीत म्हणून काम तीन पंचमांश कमी होतं, असंही नाही. सकाळचं दार ठरल्या वेळी उघडावं लागतं, दुपारी कुणीतरी झोपेतून दचकून उठतंच, आणि संध्याकाळी शेवटचं मूल जाईपर्यंत बाहेर पाऊल टाकता येत नाही. ज्या घरात या कमाईवर गॅसचा सिलिंडर आणि स्वतःच्या मुलांची जूनमधली पुस्तकं अवलंबून असतात, त्या घराला मेच्या शेवटी हा धक्का पेलत नाही. चांगली चाललेली पाळणाघरं अशीच एक-दोन उन्हाळ्यांनी बंद पडतात. मग जूनमध्ये नवी जागा शोधत फिरायची वेळ आईबापांवरच येते.

आता पहिला आक्षेप घेऊ. जी सेवा घेतलीच नाही, तिचे पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर असं, की खाडे कापले तरी त्याची किंमत कुणीतरी भरतंच. वरच्या उदाहरणात तोटा भरून काढायचा, तर काकूंना फी सहा हजारांवरून सुमारे ६,४०० रुपये करावी लागेल. मग ज्या घरातली आई रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिला मेमध्ये रजा मिळत नाही, किंवा ज्या घरातला बाप पोलिसात आहे आणि गणपतीत त्याची ड्यूटी दुप्पट होते, ते घर महिन्याला चारशे रुपये जास्त देईल; आणि वर्षात चाळीस दिवस फिरणाऱ्या घराला सवलत मिळेल. ज्याला सुट्टी नाही त्याने सुट्टी असणाऱ्याचा भार उचलायचा, हे मला न्यायाचं वाटत नाही. एकसारखी मासिक फी ठेवली, तर हा भार सगळ्यांवर सारखा पडतो आणि आकडाही कमी राहतो.

दुसरं उत्तर न्यायालयाच्या निकालातून मिळतं. करोनाच्या वर्षी शाळा बंद असताना फी द्यावी का, यावर देशभर वाद झाला. राजस्थानातल्या खासगी शाळांच्या प्रकरणात ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२०-२१ या वर्षाची फी वसूल करायला शाळांना परवानगी दिली, पण न वापरलेल्या सुविधांपोटी त्यातून १५ टक्के कपात करायला सांगितलं. शाळा भरली नाही म्हणून वीज, पाणी, देखभाल, स्टेशनरी यांचा जो खर्च वाचला, त्याचा नफा शाळेने करू नये, असा त्यामागचा विचार होता. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही १५ टक्के कपातीचा शासन निर्णय काढला. हा निकाल घरगुती पाळणाघराला लागू नाही, शाळा आणि पाळणाघर या वेगळ्या संस्था आहेत. पण त्यातलं तत्त्व आपल्या दारातल्या प्रश्नालाही तंतोतंत बसतं. जो खर्च चालूच राहिला तो दोघांनी मिळून सोसायचा आणि जो वाचला तो परत करायचा. आपल्या नमुन्यातला जेवणाचा हजार रुपयांचा वाटा सहा हजारांच्या सुमारे १७ टक्के येतो, म्हणजे परतावा त्याच पट्ट्यात बसतो.

तेव्हा जेवणापुरता खाडा जरूर द्यावा. सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये जेवलेल्या कुणालाही याची पद्धत ठाऊक असेल: आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा मिळतो, ताट वाढल्यावर सांगितलं तर नाही, आणि एखाद्या दिवसाचा खाडा बहुतेक ठिकाणी धरतच नाहीत. पाळणाघरातही सलग पाच किंवा जास्त कामाचे दिवस मूल येणार नसेल आणि आठवडाभर आधी कळवलं असेल, तर जेवणाचे दिवसाचे चाळीस रुपये पुढच्या महिन्याच्या फीतून वजा करावेत. ज्या पाळणाघरात डबा घरूनच येतो, तिथे वजा करण्यासारखं फारसं काही नसतं. पालकांना ही रक्कम लहान वाटेल. पाच दिवसांचे दोनशे रुपये. पण तीच खरी वाचलेली रक्कम आहे, आणि ती न मागता परत मिळाली तर उरलेल्या पूर्ण फीबद्दल कुणाच्या मनात किंतू राहत नाही. आगाऊ सूचनेचं म्हणाल, तर ती देणं आज अवघड नाही. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. कोकणात गणपतीला जाणाऱ्या घराला आपल्या तारखा दोन महिने आधीच माहीत असतात. तिकीट निघालं की त्याच संध्याकाळी मूल आणायला जाताना काकूंना तारखा सांगाव्यात. त्यावरून त्यांना मावशींची सुट्टी ठरवता येते, दुधाचा रतीब कमी करता येतो.

लांबच्या गैरहजेरीचा नियम मात्र वेगळा हवा, आणि इथे मी पालकांच्या बाजूने थोडं झुकेन. आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली किंवा आजी-आजोबा दोन महिन्यांसाठी आले आणि मूल घरीच राहिलं, तर पूर्ण फी मागणं जड जातं. माझ्या मते पहिल्या बारा कामाच्या दिवसांना नेहमीचा नियम लावावा, म्हणजे पूर्ण फी वजा जेवण. तेराव्या दिवसापासून दिवसाचा निम्मा दर घ्यावा. पंचवीस दिवस मूल आलं नाही, तर वरच्या आकड्यांनी पहिल्या बारा दिवसांचे २,४०० आणि पुढच्या तेरा दिवसांचे १,५६० असे ३,९६० रुपये होतात. जागा राखून ठेवण्याची ती रास्त किंमत आहे. दोन महिन्यांच्या पुढे जागा राखून ठेवायची की सोडायची, हे त्या घराने स्पष्ट सांगावं. आणि एक गोष्ट काकूंनी प्रामाणिकपणे पाळायला हवी. मे महिन्यात शाळकरी मुलांची मागणी वाढते, एरवी शाळेतून दुपारी येणारी मुलं सकाळपासून असतात. रिकाम्या झालेल्या जागी त्या दिवसांपुरतं दुसरं मूल घेतलं आणि त्याची फी मिळाली, तर मूळ कुटुंबाकडून त्या दिवसांचे पैसे घेऊ नयेत. एकाच जागेचे दोनदा पैसे घेतले की पाळणाघराचं नाव सोसायटीत टिकत नाही.

याच्या उलट बाजूला पालकांची एक युक्ती आहे, तिचाही विचार करायला हवा. एप्रिलअखेर मूल काढायचं आणि पंधरा जूनला शाळा उघडताना पुन्हा घालायचं, म्हणजे मेची फी वाचते. असं करण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे, पण मग जूनमध्ये जागा शिल्लक असेलच अशी अपेक्षा धरू नये. काकूंनी अशा वेळी मनाला लावून घेण्यापेक्षा नियमच असा ठेवावा: एका महिन्याची फी अनामत घ्यावी, सोडताना महिनाभर आधी कळवल्यास ती शेवटच्या महिन्यात वळती करावी, आणि काढलेलं मूल परत आलं तर ते नवीन प्रवेशासारखं धरावं, म्हणजे त्या वेळचा दर आणि असेल तर जागा.

आजारपणाचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. आक्षेप असा, की ताप असताना मुलाला घरी ठेवलं तरी पूर्ण पैसे द्यावे लागणार असतील, तर आई सकाळी तापाचं औषध पाजून मूल पाठवून देईल आणि सगळं पाळणाघर आजारी पडेल. भीती खरी आहे, पण कारण चुकीचं धरलेलं आहे. दिवसाचे २४० रुपये वाचतात म्हणून कुणी आजारी मूल घरी ठेवत नाही आणि ते वाचत नाहीत म्हणून कुणी पाठवतही नाही. पाठवलं जातं ते ऑफिसातली रजा संपलेली असते म्हणून, आणि त्या दिवसाचा कापला जाणारा पगार पाळणाघराच्या दिवसापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून यावरचा उपाय खाड्यात शोधू नये, मूल केव्हा आणायचं आणि केव्हा नाही हे आधी ठरवण्यात शोधावा. औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच मूल यावं. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. डोळे आले असतील किंवा हात-पाय-तोंडावर पुरळ असेल, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत घरी. जुलै २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा आळंदीत मुलांमध्ये ती किती झपाट्याने पसरली हे सगळ्यांनी पाहिलं. पाळणाघरात तर उशा आणि टॉवेल याहून जवळ असतात. अशा संसर्गात सलग पाच दिवसांहून जास्त मूल घरी ठेवावं लागलं, तर सहाव्या दिवसापासून दिवसाचा निम्मा दर घ्यावा, असं मी सुचवेन. कारण तिथे कुटुंब फिरायला गेलेलं नसतं. इतर चार मुलांचं रक्षण व्हावं म्हणून ते घरी थांबलेलं असतं, आणि त्याचा थोडा वाटा पाळणाघराने उचलावा. मूल रुग्णालयात दाखल असेल तर नियमावर बोट ठेवू नये. त्या घरात आधीच पुरेसं चाललेलं असतं.

आता काकूंची सुट्टी. पालकांचा सगळ्यात रोखठोक आक्षेप इथेच असतो: आम्ही नाही आलो तर पैसे द्यायचे आणि तुम्ही बंद ठेवलं तरी द्यायचे, हा कुठला न्याय? याचं उत्तर देण्याआधी पालकांनी आपल्या नोकरीकडे पाहावं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ प्रमाणे कामगाराला वर्षात आठ दिवस सणांची भरपगारी सुट्टी आणि आठ दिवस किरकोळ रजा मिळते. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. खासगी नोकरीतल्या आईला मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवडे पगारी रजा मिळते आणि ती रजा संपते त्या सकाळी बाळ काकूंच्या मांडीवर येतं. भरपगारी रजा ही मेहरबानी नाही, ती कामाच्या मोबदल्याचाच भाग आहे, हे आपण स्वतःसाठी केव्हाच मान्य केलेलं आहे. काकूंना कुठलाच कायदा ही रजा देत नाही, कारण त्या कुणाच्या नोकर नाहीत. म्हणून ती आपल्याला आपापसांत ठरवावी लागते. वर्षाला वीस दिवस मला योग्य वाटतात: आठ सणांचे, आठ सलग सुट्टीचे, चार अचानक आलेल्या कामाचे किंवा आजारपणाचे. सणांच्या आणि सलग सुट्टीच्या तारखा जूनमध्येच कॅलेंडरवर खूण करून सगळ्या घरांना द्याव्यात. तारीख आधी कळली की आई रजा टाकू शकते, आजीला बोलावू शकते. दिवाळीत बऱ्याच ऑफिसांना सुट्टी असते, तेव्हाचे दिवस सलग सुट्टीत घातले तर अडचण कमी होते.

एकविसाव्या दिवसापासून मात्र पैसे काकूंनी सोडायचे, दिवसाचे पूर्ण २४० रुपये. इथे पालकांचा हक्क तितकाच पक्का आहे. मूल यायला तयार होतं, जागा पाळणाघराने दिली नाही. शिवाय त्या दिवशी आईला दुसरी सोय करावी लागली किंवा बिनपगारी रजा घ्यावी लागली. घरात लग्न आहे, रंगकाम काढलं आहे, काकूंचं मोठं आजारपण आहे, कारण कितीही खरं असलं तरी त्याचा भार पाच घरांवर टाकता येत नाही. काही ठिकाणी यावर छान तोड निघते: काकूंच्या ओळखीची, मुलांनी आधी चार-पाचदा पाहिलेली एक पर्यायी बाई असते आणि ती त्या दिवसांत येऊन सांभाळते. अशा वेळी फी नेहमीसारखी घ्यायला हरकत नाही, पण आईबापांची आधी संमती हवी. सरकारी आदेशाने किंवा पुरासारख्या कारणाने दोन्ही बाजूंना काही करताच येत नाही, तेव्हा पहिले पाच दिवस पूर्ण फी आणि पुढे निम्मी, असा भार वाटून घ्यावा. मार्च २०२० नंतर कित्येक पाळणाघरांत महिनोन् महिने काय करायचं हेच ठरलेलं नव्हतं.

हे सगळं कागदावर लिहायचं म्हटलं की एक हळवा आक्षेप येतो. आम्ही त्यांना काकू म्हणतो, मूल त्यांना आजी म्हणतं, तिथे करारनामा कसला करायचा? या नात्याची किंमत मी कमी मानत नाही. परक्या घरात दहा तास राहून मूल हसत बाहेर येतं ते या नात्यामुळेच. पण याच नात्याच्या आडून या कामाची मजुरी पिढ्यानपिढ्या कमी राहिली आहे, कारण घरच्या माणसाने पैसे मागायचे नसतात असं आपण मानतो. नियम आधी लिहिलेला असला, की मागण्याची वेळच येत नाही आणि नातं नात्याच्या जागी राहतं. कायद्याचं म्हणाल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरावही करार असू शकतो, पण तोंडी काय ठरलं होतं हे सिद्ध करणं कठीण. शिवाय चालू वर्षात एका बाजूने नियम बदलला तर तो दुसरीवर आपोआप बंधनकारक होत नाही. स्टँपपेपरची गरज नाही. एका पानावर साध्या भाषेत लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या, किंवा व्हॉट्सॲपवर मजकूर आणि त्याखाली ‘वाचलं, मान्य आहे’ असं उत्तर, एवढं पुरतं.

मजकूर साधारण असा असावा: ‘महिन्याची फी सहा हजार रुपये, पाच तारखेच्या आत आगाऊ. मूल सुट्टीवर गेल्यास फी कापली जाणार नाही. सलग पाच किंवा जास्त दिवस येणार नसल्याचं आठवडाभर आधी कळवल्यास जेवणाचे दिवसाला चाळीस रुपये पुढच्या महिन्यात वजा होतील. सलग बारा कामाच्या दिवसांच्या पुढे निम्मा दर. संसर्गाच्या आजारात सहाव्या दिवसापासून निम्मा दर. पाळणाघर वर्षात वीस दिवस बंद राहील, तारखा सोबत दिल्या आहेत. त्याहून जास्त बंद राहिल्यास त्या दिवसांची पूर्ण फी वजा होईल. सोडायचं असल्यास एक महिना आधी सांगावं, अनामत शेवटच्या महिन्यात वळती होईल.’ यात आकडे तुमचे घाला, पण ‘परिस्थितीनुसार ठरवू’ किंवा ‘शक्यतो’ असे शब्द घालू नका. भांडण सुरू होतं ते या शब्दांपाशी.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. सगळे आईबाप ऑफिसात पगारी रजा घेणारे नसतात. चार घरची धुणीभांडी करणारी किंवा दुकानात रोजंदारीवर उभी राहणारी आई गावी गेली की तिचाच पगार खाड्याने कापला जातो, मग तिने पाळणाघराची पूर्ण फी कुठून द्यावी? अशा आईसाठी काकूंनी दरच वेगळा ठेवावा, किंवा तिला वर्षात दहा दिवसांचे खाडे माफ करावेत आणि तसं तिच्या कागदावर लिहावं. सवलत उघडपणे आणि आधी दिली, की ती मागताना मान खाली घालावी लागत नाही. आणि ज्या पालकांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी गावी जातात, त्यांनी पाळणाघराचा कागद सही करताना तिकडचाही हिशेब पाहावा. स्वतःची रजा पगारी, काकूंची रजा पगारी आणि मावशींचे मात्र खाडे, हे एकाच घरात बसत नाही.

आतापर्यंत सगळं तोंडी चाललेलं असेल, तर बदल मेच्या तोंडावर करू नका. मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या सुमाराला, प्रत्येक घराशी वेगळं बोला. संध्याकाळी मूल न्यायला आलेल्या घाईच्या वेळी नाही, रविवारी दहा मिनिटं बसून. कागद हातात द्या, आठवडाभर वाचू द्या, शंका ऐकून घ्या आणि पटण्यासारखी असेल ती दुरुस्ती सगळ्यांच्याच कागदात करा, एकट्या घरापुरती नको. नियम जूनपासून लागू होतील असं सांगा आणि येणाऱ्या मेचा हिशेब मात्र जुन्याच पद्धतीने करा, मग त्यात तोटा झाला तरी चालेल.